“येतों” म्हणजे कोठें?

आमच्या घरांतून बाहेर पडणारा माणूस “जातों” असें कधीं म्हणत नाहीं, “येतों” म्हणतो. बहुतेक वाचकांच्या घरींहि हाच संकेत असेल. शब्द शुभ खरा. पण बोलणारा नेमका कोठें चालला, हें त्यांतून कांहीं कळत नाहीं. या गोष्टीचा विचार आम्हांस गेल्या हिवाळ्यांत ॲरिझोनांतील एका डोंगरावर बसून करावा लागला.

धाकट्या बंधूंचा मुलगा फीनिक्स येथें नोकरीस आहे. एका रविवारीं त्यानें आम्हांस यार्नेल गांवाजवळ नेलें. तेथें ३० जून २०१३ रोजीं वणवा विझविणाऱ्यांपैकीं १९ जण जळून मेले. प्रेस्कॉटच्या ‘ग्रॅनाइट माउंटन हॉटशॉट्स’ या तुकडीचे ते. विसांपैकीं एकटा टेहळ्या वांचला. २०१६ पासून तेथें स्मारक आहे, आणि चढणीच्या वाटेवर प्रत्येकाच्या नांवाची पाटी आहे. पुतण्यानें हें सारें पुष्कळ वाचलेलें दिसलें. कां वाचलें, तें आम्हांस मागाहून उमगलें.

वणवा विझविणें म्हणजे पाणी मारणें, अशी आमची समजूत. पण हे लोक मुख्यतः झुडपें तोडून व माती उघडी करून आगीपुढें पट्टा काढतात. माणसें डोंगरभर विखुरलेलीं. म्हणून छातीशीं बांधलेला लहानसा रेडिओ हाच एकमेकांचा आधार. मध्यें टेकडी आली कीं शब्द अडतो. यासाठीं उंच शिखरावर दुसरें यंत्र ठेवतात. तें ऐकलेलें बोलणें पुन्हां जोरानें फेकतें. मात्र त्यास ओळखीचा एक बारीक स्वर लागतो. तो नसेल तर तें दाद देत नाहीं. यार्नेल येथें कांहीं रेडिओंवर हा स्वर बरोबर लावलेला नव्हता, असें चौकशीच्या अहवालांत आहे. बोलण्याचीहि रीत आहे. ज्यास हांक मारावयाची त्याचें नांव आधीं, आपलें मागून, भाषा साधी, आणि ऐकणाऱ्यानें ऐकलेलें परत म्हणून दाखवावयाचें. शिवाय एका वेळीं एकानेंच बोलावयाचें. दोघांनीं एकदम कळ दाबली कीं बोलणें वायां. (आमच्या घरीं ही शिस्त एक दिवसहि टिकणार नाहीं!)

मोंटानांतील मॅन गल्च येथें ५ ऑगस्ट १९४९ रोजीं विमानांतून टाकलेल्या रेडिओची छत्री उघडली नाहीं, आणि तो आपटून फुटला. त्या वणव्यांत १३ जण गेले. तेथें निदान यंत्रच नव्हतें. यार्नेल येथें यंत्रें होतीं आणि माणसें बोलतहि होतीं.

तुकडी जळून गेलेल्या जमिनीवर होती. एकदां जळलें तेथें पुन्हां जळावयास कांहीं उरत नाहीं, म्हणून ती जागा निर्धास्त. चारच्या सुमारास वादळी ढगांतून सुटलेल्या वाऱ्यानें आगीचें तोंड फिरविलें. तुकडी तेथून निघून खालच्या एका शेतवाडीकडे उतरूं लागली. आपण हालत आहों असें तिनें कळविलें होतें. पण ती जळलेल्या जमिनीवरच आहे, असें ऐकणाऱ्यांनीं धरून घेतलें. पुढील अर्ध्या तासांतील तिच्या बोलण्याची खात्रीची नोंद नाहीं. चार वाजून ३९ मिनिटांच्या सुमारास हांक आली ती तुटक; कोण बोलतो, हेंच वरील विमानांतल्या लोकांस आधीं कळेना. आग रोखणारें द्रव्य भरलेलें मोठें विमान वर घिरट्या घालीत होतें. पण तें टाकावें कोठें? खालीं नुसता धूर. २०१९ च्या एका कायद्यानें अशा तुकड्यांचें ठिकाण दाखविणारीं साधनें देण्याची तरतूद केली आहे.

तिसऱ्या पाटीपाशीं आमचे गुडघे थकले. तेथें बसल्यावर पुतण्यानें विचारलें, “काका, त्या दिवशीं बाबा फोनवर काय म्हणाले होते?”

वीस वर्षें आम्ही या प्रश्नाची वाट पाहत होतों, आणि तो येऊं नये असेंहि म्हणत होतों. २६ जुलै २००५. सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस. दुपारीं तीनला बंधूंचा अंधेरीहून फोन आला : “दादा, निघालों, येतों.” पार्ल्याला बहिणीचें घर जवळच, तो तिकडेच जाईल असें आम्ही धरून चाललों. तो ठाण्याला निघाला असेल असें बहिणीनें धरलें. आईनें दोनदां विचारलें, “कोठें येतो म्हणाला रे?” आम्ही खेकसलों, “येतो म्हणाला ना? झालें!” पुढें फोन बंद पडले. बंधु रात्रभर छातीइतक्या पाण्यांतून ठाण्याची वाट चालत होते. दुसऱ्या सायंकाळीं घरीं आले. नंतर ताप आला, लेप्टोचा. ऑगस्टांत ते गेले. हा तेव्हां आठ वर्षांचा होता.

आम्हीं त्यास सगळें सांगितलें; आईवर खेकसलों तेंहि.

“तुम्ही पार्ल्याला जा म्हणाला असतां, तर ते गेले असते?”

“ठाऊक नाहीं. आम्हीं विचारलेंच नाहीं.”

तो बराच वेळ पाटीकडे पाहत बसला. मग उठून बाटलींतलें पाणी आम्हांस दिलें, आणि वरच्या वाटेकडे वळत म्हणाला, “येतों, काका.”

“कोठपर्यंत?” आम्हीं विचारलें.

“पुढच्या दोन पाट्यांपर्यंत. अर्ध्या तासांत परत.”

“दोन पाट्या. अर्धा तास,” आम्ही म्हणालों, आणि घड्याळ पाहून ठेवलें.