वाऱ्याचा पलीकडचा काठ

आषाढ लागला की पनवेलची खाडी मातीच्या रंगाची होते. गाढी नदी डोंगरावरचे पाणी घेऊन उतरते, खाजणे भरतात आणि कर्नाळ्याचा सुळका दिवसचे दिवस ढगांत नाहीसा होतो. एके काळी हे मोठ्या राबत्याचे बंदर होते. बोरघाटातून पुण्याकडे जाणारी गाडीवाट १८३० मध्ये खुली झाली आणि १८६३ मध्ये त्याच घाटातून आगगाडी धावू लागली. मधल्या काळात मुंबईहून देशावर निघालेला माणूस होडीने पनवेलला उतरे आणि येथून घाटाची वाट धरी. खुल्या समुद्रावरची गलबते मात्र ज्येष्ठात किनाऱ्यावर ओढली जात, ती नारळी पौर्णिमेनंतरच पुन्हा पाण्यात लोटली जात. पावसाळ्याचे तीन महिने समुद्र बंद, हा व्यापाऱ्याचा आणि कोळ्याचा समाईक नियम होता. आजही महाराष्ट्रात १ जून ते ३१ जुलै या काळात यांत्रिक नौकांच्या मासेमारीस बंदी असते.

ज्या वाऱ्यामुळे आपला समुद्र बंद होतो, त्याच वाऱ्याचा पलीकडचा काठ पाहण्याचा योग गेल्या आषाढात आला. ओमान देशाच्या पूर्व किनाऱ्यापासून थोडे दूर मसिरा नावाचे बेट आहे. नकाशावर पनवेलवर बोट ठेवून ते पश्चिमेला, किंचित उत्तरेकडे, सुमारे दीड हजार किलोमीटर सरकवावे, म्हणजे ते या बेटावर येते. मध्ये अरबी समुद्राखेरीज काहीही नाही. अक्षांश जवळजवळ तोच, समुद्र तोच, महिना तोच. पण तेथे वर्षभरात शंभर मिलिमीटरही पाऊस पडत नाही. आपल्या रायगड जिल्ह्यात तो तीन हजारांच्या घरात जातो.

प्रवासाचे कारण घरगुती होते. माझा पुतण्या मस्कतमध्ये एका व्यापारी पेढीवर हिशेबाचे काम पाहतो. गेली तीन वर्षे तो पावसाळ्यातील सुट्ट्या मसिराच्या किनाऱ्यावर घालवतो आणि फळीवर उभा राहून समुद्राच्या लाटांवरून घसरत येतो. यालाच सर्फिंग म्हणतात. हवाई बेटांवरील लोकांची ही फार जुनी विद्या. टोकियोच्या ऑलिंपिकपासून ती जागतिक क्रीडांतही मोजली जाते. आपल्याकडे कर्नाटकातील मुल्कीला तिचे शिक्षण मिळते. परंतु ऐन चातुर्मासात, वाळवंटाच्या काठी, खडकांवर फुटणाऱ्या लाटांत आपला मुलगा उतरतो, हे कळल्यावर वहिनींची झोप उडाली. दादांनी त्याला पनवेलच्या दुकानात परत बोलावण्याचे जवळजवळ ठरवले होते. त्याआधी कोणीतरी डोळ्यांनी पाहून यावे, म्हणून मला धाडण्यात आले. "भावजी, तुम्ही जे सांगाल ते आम्ही मानू," असे वहिनी म्हणाल्या, तेव्हा ही सहल राहिली नाही.

मस्कत आपल्या लोकांना नवे नाही. खजूर आणि खारीक तेथून येत असे, तांदूळ आणि कापड येथून जात असे. मस्कत जातीच्या डाळिंबाने तर त्या शहराचे नाव आपल्या बागांतही रुजवले. कच्छच्या मांडवीहून गेलेल्या कुटुंबाने तेथे काढलेली खिमजी रामदास ही पेढी १८७० पासून चालू आहे. भारतीय रिझर्व्ह बँकेने १९५९ मध्ये आखाती प्रदेशासाठी वेगळा रुपया काढला होता आणि ओमानमध्ये तो १९७० पर्यंत चालला. दक्षिणेकडील धोफार प्रांतातील धूप तर दोन हजार वर्षांपूर्वीही समुद्रमार्गे देशोदेशी जात होता. तेथील खोर रोरी या प्राचीन बंदरात १९५२ च्या उत्खननात भारतीय घडणीची एक लहान कांस्यमूर्ती सापडली. हा सारा व्यवहार वाऱ्याच्या वेळापत्रकावर चालत असे. नैर्ऋत्येचा वारा जहाजांना भारताकडे आणी, ईशान्येचा वारा त्यांना परत नेई. पण नैर्ऋत्येचा वारा ऐन जोरावर असताना कोणी शहाणा मनुष्य नांगर उचलत नसे.

मुंबईहून मस्कतला विमानाने तीन तासांच्या आत पोहोचता येते. तेथून सिनाव आणि महूत या गावांवरून शन्ना धक्क्यापर्यंत लांबचा रस्ता आहे. दोन्ही बाजूंना वाळू, मधूनच उंट, मधूनच एखादा पेट्रोलपंप. मस्कतमध्ये चाळीस अंशांच्या वर गेलेला पारा समुद्राजवळ येताच उतरू लागतो. शन्नाहून गाडीसह फेरीबोटीत चढावे लागते आणि तास-दीड तासात हिल्फ हे बेटावरचे मुख्य गाव येते. जाताना खाखरे, ठेपले, भाजलेले मूग आणि उकळलेल्या पाण्याचा मोठा थर्मास बरोबर घेतला होता. बेटावर शाकाहारी जेवण मिळवायला विचारपूस करावी लागते. सूर्यास्तापूर्वी जेवणाऱ्याने तर शिधा सोबत ठेवावाच.

मसिराचे डोंगर काळसर, उघडे आणि ठिसूळ दिसतात. भूशास्त्राच्या दृष्टीने हा एकेकाळचा समुद्रतळ आहे, पृथ्वीच्या हालचालींत वर ढकलला गेलेला. त्यावर गवताची काडी क्वचित दिसते. पूर्व किनाऱ्यावर सकाळी उतरलो तेव्हा वाळूत रुंद, रेघारेघांचे माग उमटले होते. लॉगरहेड जातीची समुद्रकासवे रात्री अंडी घालून परत गेली होती. या कासवांच्या जगातील सर्वांत मोठ्या विणीच्या जागांत मसिराची गणना होते. पुतण्याने गाडी बरीच अलीकडे, पक्क्या वाटेवर थांबवली आणि फळी डोक्यावर घेऊन तो चालत निघाला. वाळूखाली अंडी असतात, म्हणून त्याच्या सोबत्यांपैकी कोणीही किनाऱ्यावर गाडी उतरवत नाही, असे त्याने चालता चालता सांगितले.

मी पाण्यात पाय घातला आणि लगेच मागे घेतला. आपल्या कोकणात जुलैमध्ये समुद्राचे पाणी अठ्ठावीस अंशांच्या आसपास कोमट असते. येथे ते वीस-बावीस अंशांवर येते, काही दिवशी त्याहूनही खाली. बर्फाच्या देशातील माणूस याला थंड म्हणणार नाही. पण वाळवंटाचे ऊन पाठीवर घेऊन उतरलेल्या माणसाला ते चांगलेच झोंबते. पुतण्या आणि त्याचे सोबती त्यासाठी रबराचा अंगाबरोबरचा पोशाख घालतात.

या थंडीचे कारण तोच वारा आहे. आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून उसळून तो ओमानच्या कडेकडेने, किनाऱ्याला जवळजवळ समांतर वाहतो. पृथ्वीच्या फिरण्यामुळे उत्तर गोलार्धात वाऱ्याने ढकललेले पाणी उजवीकडे वळते, म्हणजे येथे किनाऱ्यापासून दूर जाते. त्याची रिकामी झालेली जागा भरण्यासाठी खोलातले थंड पाणी वर येते. थंड पाण्यावरची हवा सहसा वर चढत नाही, त्यामुळे पावसाचे ढग बांधले जात नाहीत. नंतर तोच वारा मधल्या उबदार समुद्रावरून बाष्प घेत घेत सह्याद्रीला येऊन धडकतो आणि पनवेलच्या पन्हळी वाहू लागतात. आफ्रिकेत नामिबियाच्या आणि दक्षिण अमेरिकेत पेरू-चिलीच्या किनाऱ्यावरही थंड समुद्र व वाळवंट असेच शेजारी नांदतात. तेथे ही स्थिती बारमाही असते, येथे ती पावसाळ्यापुरती. आपण ज्याला पाऊस म्हणतो, त्याची कोरडी सुरुवात मी त्या काठावर उभा राहून पाहत होतो.

लाटा त्या वाऱ्याच्याच. दूर दक्षिणेकडे उठलेले पाणी बेटाच्या टोकाला वळसा घालून आत येते. पाण्याखाली तेथे खडकाचा सपाट ओटा आहे. कोकणी माणूस अशा जागेला खडप म्हणतो. खोल पाण्यात लाट नुसती उचलते आणि बसते. पण तिची उंची पाण्याच्या खोलीच्या सुमारे पाऊणपट झाली की माथा पुढे कलतो आणि ती फुटते. वाळूच्या किनाऱ्यावर तळ सरकत असल्याने लाट कोठे फुटेल याचा भरवसा नसतो. खडपावर ती दर वेळी जवळपास त्याच रेषेत फुटते, एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे उलगडत जाते. म्हणून फळीवाल्यांना खडप प्रिय. धोकाही तेथेच, कारण पडणाऱ्याखाली वाळूची गादी नसते.

पहिल्या दिवशी मी घड्याळ लावून बसलो. दोन तासांत पुतण्याने अकरा लाटा घेतल्या. सर्वांत लांब स्वारी वीस सेकंदांची झाली. सगळ्या मिळून तो पायांवर उभा होता तो वेळ तीन मिनिटांहून कमी भरला. उरलेला सगळा वेळ तो फळीवर बसून क्षितिजाकडे पाहत होता. येणाऱ्या लाटांपैकी बहुतेक त्याने सोडून दिल्या. पाण्यात चौघे होते आणि लाट ज्याच्या सर्वांत जवळ उठे, त्याची ती मानली जाई. बाकीचे बाजूला होत. आरडाओरडा नाही, प्रेक्षक नाहीत, किनाऱ्यावर मी आणि दोन समुद्रपक्षी.

बाहेर आल्यावर त्याने पाण्यातला एक काळा खडक दाखवला. "काका, ओहोटीला त्याचे डोके उघडे पडले की आम्ही सगळे बाहेर. लाट कितीही चांगली असो." मी विचारले, हा नियम कोणी घालून दिला? तो म्हणाला, "आम्हीच. पाण्यात असताना ठरवायला गेले तर मन नेहमी आणखी एक लाट मागते. म्हणून कोरड्या वाळूवर आधीच ठरवायचे." बाजारात भाव चढत असताना विक्रीची मर्यादा आधी कागदावर लिहून ठेवणारे माझे आजोबा मला आठवले. आपल्या श्रावकव्रतांत दिग्व्रत आहे: कोणत्या दिशेला किती दूर जायचे, ते निघण्यापूर्वी ठरवायचे. पुतण्याला ते नाव ठाऊक नव्हते. मी सांगितले तेव्हा तो थोडा वेळ गप्प राहिला.

दुसऱ्या दिवशी वारा वाढला होता. रात्रभर खोलीच्या खिडकीवर वाळू आपटत होती. किनाऱ्यावर पोहोचलो तेव्हा लाटा आदल्या दिवसाच्या दुपटीने उंच दिसत होत्या आणि खडपावरून येणारा आवाज छातीत जाणवत होता. मस्कतहून एवढे अंतर कापून, वर्षभर वाट पाहून तो आला होता. परतीच्या आधीचा तो शेवटचा दिवस होता. दोघे सोबती फळ्या घेऊन पाण्याकडे निघाले. पुतण्या वाळूवर बसला. अर्धा तास त्याने लाटा मोजल्या, मग फळीला घातलेली दोरी सोडली, ती गुंडाळून पिशवीत ठेवली आणि म्हणाला, "आजची माझ्या बेताची नाही."

मी काहीच सुचवले नव्हते. खरे सांगायचे तर तो उतरला असता तर त्याला थांबवायचे कसे, याच विचारात मी रात्र काढली होती. सोबती सुखरूप परतले, हसत परतले, आणि त्यांनी घेतलेल्या लाटा खरोखर सुंदर होत्या. पुतण्याच्या चेहऱ्यावर हळहळ स्पष्ट दिसत होती; ती त्याने लपवली नाही. दुपारी आम्ही ठेपले खाल्ले, फेरीबोटीची वेळ पाहिली आणि निघालो.

पनवेलला उतरलो तेव्हा मुसळधार पाऊस होता. तिसऱ्या दिवशी दादांनी विचारले. मी बेट, वारा, थंड पाणी, कासवांचे माग सगळे सांगितले. खडपाचा धोका सौम्य करून सांगितला नाही. तेथून रुग्णालय किती दूर आहे, तेही सांगितले. दादा ऐकत होते. शेवटी त्यांनी एकच प्रश्न केला, "त्याला भीती वाटते का?" मी म्हणालो, "वाटते. आणि भीतीचे ऐकतो." मग त्या दुसऱ्या सकाळची हकिकत सांगितली, अर्धा तास लाटा मोजल्याची, दोरी सोडून पिशवीत ठेवल्याची. वहिनींनी ती पुन्हा एकदा, अगदी सावकाश, सांगायला लावली.

पावसाळ्यात समुद्रावर जाऊ नये, या पूर्वजांच्या नियमामागचे शहाणपण मला त्या काठावर नव्याने पटले. समुद्राचा द्वेष त्यात नव्हता. आपली ताकद आणि पाण्याची ताकद यांचा रोखठोक हिशेब होता. तो हिशेब ज्याला स्वतः मांडता येतो आणि उत्तर प्रतिकूल आले तरी जो पुसून टाकत नाही, त्याच्या हाती उद्या दुकानाची वहीही निश्चिंतपणे देता येईल, असे मी दादांना सांगितले.

दादांनी त्याला परत बोलावण्याचा विषय सोडून दिला आहे. दिवाळीच्या वहीपूजनाला तो पनवेलला येईल. पुढच्या आषाढात मसिराला जाण्यापूर्वी घरी फोन करावा आणि खडपावरून परतल्यावर पुन्हा करावा, एवढी एकच अट वहिनींनी घातली आहे; ती त्याने मान्य केली.