राखलेलं रान, लावलेलं रान

पुणे जिल्ह्यातल्या किकवीतून पश्चिमेला भोर, तिथून हिरडोशीचं खोरं, मग वरंध घाट. एवढ्या पन्नास-साठ किलोमीटरांत पाऊस कैक पटींनी वाढतो. किकवी-सारोळ्याच्या टेकड्यांवर गवत, बोरी-बाभळी, मधूनच एखादी मेडशिंगी. घाटमाथ्यावर अंजन, जांभूळ, हिरडा यांचं दाट रान. दोन्ही अस्सल आणि दोन्ही जुनी. तालुका एक, म्हणून रोपवाटिकेतली रोपंही एकच, हा हिशेब इथे लागू पडत नाही. आमच्याकडची टेकडी पाहून पुण्याहून आलेले पाहुणे हळहळतात, "किती उजाड झालंय हो!" मी त्यांना भाद्रपदात परत बोलावतो. तेव्हा गुडघाभर गवतात चालताना पायांखालून तितर उठतात आणि वर चंडोल गात असतो.

*

कुसळीचं एक बी तळहातावर घेऊन बघावं. पुढे टणक, अणकुचीदार टोक. त्यावर उलट्या दिशेने बसलेले बारीक केस. मागे लांब, काळपट, पीळदार शेपूट. पाण्याचा एक थेंब टाकला की शेपटीचा पीळ सुटतो आणि ती हळूहळू फिरायला लागते. वाळली की पुन्हा पीळ भरतो. रात्री दव, दिवसा ऊन, असं होत होत बी स्क्रूसारखं मातीत उतरतं. केस उलटे असल्यामुळे एकदा शिरलेलं परत बाहेर येत नाही. वरून आग गेली तरी मातीतलं बी वाचतं.

माळाची तब्येत गवतावरून कळते. पवन्या आणि मारवेल असेल तर माळ सुखात आहे. चराई फार झाली की ही गोड गवतं मागे पडतात आणि कुसळी पसरते. त्याहून जास्त ताण पडला तर कुसळीही विरळ होते, मग नुसता मुरूम उघडा पडतो. उलट दिशेने जायचं तर दोन-चार पावसाळे चराईबंदी करून बघावी, एवढा साधा उपाय आहे. खड्डे खणावे लागत नाहीत.

*

१ जुलै २०१६ ला राज्यात एका दिवसात २ कोटी रोपं लावायचा संकल्प झाला. पुढे २०१७ ला ४ कोटी, २०१८ ला १३ कोटी, २०१९ ला ३३ कोटी. शाळेची पोरं, बचतगटाच्या बायका, पोलीस, सगळे हातात रोप घेऊन उभे होते, आणि त्या उत्साहाबद्दल मला मनापासून आदर आहे. पण रोपं किती लावली आणि किती जगली यातच सगळी चर्चा संपली. रोप त्या मातीतलं आहे का, आणि त्या जागी झाडच हवं का, हे विचारायचं राहून गेलं.

पुण्याच्या टेकड्यांवरची उंदीरमारी, म्हणजे गिरिपुष्प, डोळ्यांसमोर आहे. मध्य अमेरिकेतलं झाड. फांदी रोवली तरी जगतं, भराभर वाढतं, फेब्रुवारीत गुलाबी फुलोऱ्याने देखणं दिसतं. मात्र त्याच्या दाटीखाली गवत धरत नाही. गवत गेलं की ससा, तितर, चंडोल, खोकड यांचं घर गेलं. हिरवा डाग नकाशावर वाढला, पण रान कमी झालं. सरकारी नोंदीत माळ ‘पडीक’ असतो आणि पडीक जागेचं काहीतरी करायलाच हवं असं सगळ्यांना वाटतं, तिथेच हे सुरू होतं.

माळाला अभयारण्याचा मान मिळाल्याचं उदाहरण आमच्याच जिल्ह्यात आहे. सुप्याचं मयूरेश्वर, १९९७ सालचं, क्षेत्र जेमतेम ५.१४ चौरस किलोमीटर. चिंकारा तिथे निवांत चरताना दिसतात.

*

वेल्ह्याकडच्या एका गावातली जननी देवीची देवराई. चैत्राचं ऊन डोक्यावर, आणि राईत पाऊल टाकल्याबरोबर गारवा. पायाखाली घोट्यापर्यंत पालापाचोळा. हाताने बाजूला केला तर वरचा थर कुरकुरीत, खालचा मऊ, त्याखालचा ओला. ओल्या थरात बुरशीचे पांढरे धागे, गोगलगायींचे रिकामे शंख, आणि हिरड्याची करंगळीएवढी रोपं, कुणी न लावलेली. बाहेरच्या डोंगरावर त्याच वेळी मातीला हात लावला तर चटका बसत होता.

गुरवकाकांना विचारलं, "काका, पडलेली काटकी तरी नेता का चुलीला?"

"छ्या. पडलं ते तितंच कुजायचं. आईचं हाय ते."

परिसंस्थाशास्त्राचं एक अख्खं प्रकरण काकांनी दोन वाक्यांत सांगितलं. १९७१ मध्ये हार्वर्डहून परतलेले माधव गाडगीळ आणि महाराष्ट्र विज्ञानवर्धिनीतले वनस्पतिशास्त्रज्ञ वा. द. वर्तक यांनी सह्याद्रीतल्या देवराया हिंडून नोंदवल्या आणि १९७६ मध्ये त्यावर शोधनिबंध लिहिला. सभोवतालचं जंगल कोळशासाठी, लाकडासाठी, धरणासाठी गेलं, तरी मूळ रान कसं होतं याचा जिवंत नमुना राईत शिल्लक आहे, हे त्यांनी दाखवून दिलं. बियाणंही तिथेच आहे. उद्या शेजारचा डोंगर पुन्हा उभा करायचा तर बी आणायचं कुठून? शहराजवळच्या रोपवाटिकेतून की या राईतून?

*

त्याच ओल्या थरात काजव्याच्या अळ्या वाढतात आणि गोगलगायींवर जगतात. मेअखेरीला, वळवाचे एक-दोन पाऊस झाले की राईच्या कडेची झाडं लखलखायला लागतात. मोटारी येतात. दिवे चालू ठेवून लोक फोटो काढतात, झाडाखालचा पाचोळा तुडवतात. ज्यांना काजवे बघायचे आहेत त्यांनी गाडी गावात उभी करून, दिवा बंद करून, वाटेवरूनच बघावे. गावांनी असा नियम करून तो पाळायला लावावा.

*

राईला आजचा मोठा धोका कुऱ्हाडीचा कमी आणि जीर्णोद्धाराचा जास्त. अनेक देवींना छप्पर चालत नाही अशी जुनी समजूत आहे; शेंदूर लावलेला तांदळा उघड्यावर, झाडांच्या सावलीत. आता मुंबई-पुण्याला नोकरीला असलेली पोरं वर्गणी काढतात. स्लॅब पडतो, सभामंडप होतो, पेव्हर ब्लॉक बसतात, गाड्यांसाठी जागा मोकळी करतात, रात्रभर हॅलोजन जळतो. प्रत्येक पायरीला चार-दोन झाडं जातात.

या पोरांना नावं ठेवायला मी तयार नाही. भक्ती खरी आहे, म्हणूनच बोलणी होऊ शकतात. सभामंडप राईच्या हद्दीबाहेर बांधा, आत फक्त पायवाट ठेवा, असं गावातल्या म्हाताऱ्या माणसांनी सांगितलं तर ऐकलं जातं. बाहेरच्या पर्यावरणवाल्याने सांगितलं तर भांडण होतं.

*

मियावाकी पद्धतीची दाट लागवड आता गावोगाव पोचली आहे. चौरस मीटरला तीन-चार रोपं, तीन वर्षांत झुडपी भिंत. अकिरा मियावाकी (१९२८–२०२१) यांनी ही पद्धत बसवली ती जपानमधल्या शिंतो देवळांभोवतीच्या जुन्या रायांचा अभ्यास करून. त्या जागी मुळात कोणतं रान असतं हे त्या रायांवरून ठरवायचं, हा त्यांच्या कामाचा गाभा. आपण दाटी उचलली आणि गाभा सोडला. माळावर मियावाकी करणं तर त्या विचाराच्याच विरुद्ध आहे.

इथियोपियात ऑर्थोडॉक्स चर्चभोवती अशाच राया उरल्या आहेत, सगळीकडे शेतं आणि मध्ये गोल हिरवी बेटं. अलेमायेहू वासी आणि मेग लोमन या वनशास्त्रज्ञांनी तिथल्या धर्मगुरूंना सोबत घेऊन कडेने दगडी गडगे घालायचं काम केलं. शेतातले दगड निघाले, गुरं आत शिरायची थांबली, आत रोपं उभी राहिली. आमच्या भागात दगडाला तोटा नाही.

*

पहाटे हमरस्त्याच्या कडेला खोकड पडलेलं. मांजराहून थोडं मोठं, अंग राखाडी, पाय तांबूस, झुपकेदार शेपटीचं टोक काळं. रक्त फारसं नव्हतं. रस्त्याच्या अलीकडे माळ, पलीकडे शेतं आणि त्यात उंदीर. ते रोज रात्री हा रस्ता ओलांडत असणार. सहापदरी रस्ता, मधे कण्हेरी लावलेला दुभाजक.

नागपूर–शिवणी रस्त्यावर पेंचच्या जंगलात नऊ ठिकाणी रस्ता उचलून खालून जनावरांना वाट ठेवली आहे, त्यातला सर्वांत लांब टप्पा ७५० मीटरचा. वाघ, रानकुत्रे, सांबर त्या वाटा वापरतात हे कॅमेऱ्यांनी टिपलं आहे. वाघासाठी हे होतं, ते चांगलंच झालं. खोकडासाठी एवढं मोठं बांधकाम लागत नाही. ओढ्यावरच्या मोऱ्या गाळ-कचरा काढून मोकळ्या ठेवल्या आणि तोंडाशी थोडी झुडपं राहू दिली तरी लहान जनावरं खालून जातात. मोऱ्यांची तपासणी पावसाळ्याच्या आधी होतेच. तिच्यात एवढं एक कलम वाढवता येईल.

*

दिवाळीनंतर फलटण-बारामतीकडचे धनगर मेंढ्या घेऊन कोकणाकडे निघतात. शेतात मेंढरं बसवली की लेंडीखताचे पैसे किंवा धान्य. त्यांच्यातल्या एका मामांना लांडग्याबद्दल विचारलं. "एखादं कोकरू त्याचं धरूनच चालायचं. त्यो बी रानातलाच." नुकसानभरपाईची तरतूद आहे, पण आज इथे आणि उद्या दहा मैलांवर असलेल्या माणसाने पंचनाम्यासाठी थांबायचं कसं? भारतात लांडगे तीन हजारांच्या आसपास उरलेत, वाघांहून कमी. त्यातल्या बऱ्याच लांडग्यांचा संसार असल्या मामांच्या सोशिकपणावर चालला आहे. भरपाई धनगरांच्या फिरत्या वाड्याच्या मागे चालत जाईल अशी पद्धत बसवायला हवी.

*

गिधाडं. त्यांना मारणाऱ्या, जनावरांच्या डायक्लोफिनॅक या औषधावर २००६ मध्ये बंदी आली, तोवर देशातली बहुतेक संपली होती. औषध बदललं तरी पक्षी लगेच परतत नाही. जोडीला वर्षाला एकच अंडं.

*

फाल्गुन-चैत्र हा भाताच्या खाचरात राब भाजायचा काळ. पालापाचोळा, शेण, माती यांचे थर देऊन दुपार टळल्यावर, वारा पडला की आग लावायची, ही जुन्या माणसांची शिस्त. आता घरात माणूसबळ नाही, जो तो घाईत. भर दुपारी लावलेली आग बांधावरून डोंगरावर चढते. शिवाय कुणी गवत चांगलं फुटतं म्हणून, कुणी नुसतीच काडी टाकतं. माळटिटवीची अंडी, ससाण्याचं भक्ष्य, हिरड्याची कमरेएवढी झालेली रोपं, सगळं एका संध्याकाळी जातं. शंभर रोपं लावण्यापेक्षा कडेने जाळरेषा काढून एक वणवा अडवला तर जास्त झाडं उभी राहतात, हे मी कुठेही पैजेवर सांगेन.

*

बिबट्या उसात आहे, असा फोन आला की पहिली मागणी पिंजऱ्याची. बिबट्यांच्या अभ्यासक विद्या अत्रेय यांनी जुन्नर भागात अभ्यासलं आहे: २००१ नंतर तिथले बिबटे पकडून दुसरीकडे सोडले, त्यानंतर माणसांवरचे हल्ले वाढले. जागा रिकामी झाली की नवा बिबट्या येतो, आणि हलवलेला बिथरतो. अंधार पडल्यावर पोरांना एकटं न सोडणं, गोठ्याला दार, उघड्यावर कोंबड्यांचा कचरा न टाकणं, हेच कामाला येतं.

*

२०२२ मध्ये माँट्रिअलला जगातल्या देशांनी ठरवलं की २०३० पर्यंत बिघडलेल्या परिसंस्थांपैकी ३० टक्के सुधारणेखाली आणायच्या. एवढं मोठं वाक्य आमच्या ग्रामपंचायतीपर्यंत पोचवायचा रस्ता कायद्यात आहे. २००२ च्या जैवविविधता कायद्यानुसार प्रत्येक गावाची जैवविविधता समिती आणि नोंदवही. आणि कलम ३७ खाली जैवविविधता वारसा स्थळ. दोडामार्ग तालुक्यात हेवाळे-बांबर्डे इथे देवराईतली रान-जायफळाची दलदल, आंबोलीत हिरण्यकेशीच्या देवळाजवळचं पाणी, जिथे २०२० मध्ये माशाची नवी जात नोंदली गेली, या दोन्हींना तो दर्जा मिळाला. दोन्ही जागा दोन-अडीच हेक्टरांच्या. राई लहान आहे म्हणून अडायचं कारण नाही.

१५ ऑगस्टच्या ग्रामसभेसाठी जननीच्या राईचा विषय गुरवकाका आणि सरपंचांशी बोलून ठेवला आहे. हवं ते असं: सातबारा, गावनकाशा, झाडांची यादी (एक उन्हाळ्यातली, एक पावसाळ्यातली), पाणवठ्याचे फोटो. राखणीचा मान गुरवांकडेच राहील हे ठरावात स्पष्ट लिहायचं, नाहीतर गाव बिचकेल. आणि हद्द ओहोळ, मोठा कातळ, म्हसोबाचा दगड अशा खुणांवरून लिहून घ्यायची. नकाशातली रेघ आणि लोकांच्या मनातली हद्द वेगळी आहे, आणि मनातली हद्द मोठी आहे.