मळलेला रणगाडा

दिवाळी म्हणजे झाडलोट. जुने ते नवे दिसावे, मळके ते उजळावे, एवढ्यासाठी आपण आठवडाभर धूळ खातो. अशा दिवसांत एखाद्या घरी कोरी करकरीत वस्तू मुद्दाम मळवण्याचा उद्योग चाललेला दिसला, तर पाहुण्याने काय समजावे?

रिद्धपूरला माझी थोरली बहीण असते. तिचा मुलगा अमरावतीला कॉलेजात शिकतो आणि मित्रांबरोबर टेबलावरची लढाई खेळतो. टेबलावर टेकड्या, शेते, खेडी मांडायची, मोजपट्टीने फौजेची चाल मोजायची आणि गोळा लागला की हुकला हे फाशांनी ठरवायचे, असा तो खेळ. गेल्या दिवाळीत त्याच्या हाती एक सेंच्युरियन रणगाडा होता. प्लास्टिकचे सुटे भाग जोडून केलेला, खऱ्याच्या बहात्तराव्या हिश्शाएवढा. खऱ्याचे धड साडेसात मीटरांहून लांब. हा तळहातावर मावत होता. त्यांना 1965 च्या सप्टेंबरातली सियालकोट आघाडीवरची लढाई मांडायची होती. लेफ्टनंट कर्नल तारापोर जखमी होऊनही मागे फिरले नाहीत आणि 16 सप्टेंबरला धारातीर्थी पडले, तीच ही लढाई. त्यांच्या पूना हॉर्सपाशी सेंच्युरियनच होते.

रणगाडा मळवणे हे मी समजत होतो तसे पोरखेळाचे काम नव्हे. आधी अस्तर, मग हिरवा रंग. तो वाळला की पाण्यासारखा पातळ केलेला तपकिरी रंग वरून सोडायचा. तो आपोआप खाचांत जाऊन बसतो आणि जोड उठून दिसतात. मग फिका रंग घेऊन कुंचला फडक्यावर जवळजवळ कोरडा होईपर्यंत पुसायचा आणि नुसता कडांवरून फिरवायचा. स्पंजाच्या तुकड्याने टवके उडाल्याचे ठिपके, धुराच्या नळीपाशी तांबेरा आणि काजळी, आणि शेवटी पट्ट्यांना चिखल. प्रत्येक डागाला कारण हवे, असा भाच्याचा दंडक होता.

बहिणीच्या सासूबाई हे सारे ओसरीवरून पाहत होत्या. महानुभाव घर. मुंगीवर पाय पडू नये म्हणून खाली पाहून चालणाऱ्या आजी. खेळाला त्यांचा विरोध नाही. त्यांच्या गोविंदप्रभूंच्या लीळांतही पोरांबरोबरचे खेळ आहेतच. पण हा खेळ त्यांना रुचेना.

"बाबू, नव्या वस्तूले चिखल कायले फासून राह्यला?"

"आजी, लढाईतून आल्यासारखा दिसला पाहिजे."

"लढाईतून? मंग घरात कायले आणला?"

भाचा हसला, पण आजी उठून जवळ आल्या आणि चष्मा सावरून न्याहाळू लागल्या. "हा चिखल तं आपल्या वावरातला हाये. तिकडची माती अशी काळी असते काय?" खरेच होते. पंजाबच्या मैदानातली गाळाची माती फिकट, भुरकट. वऱ्हाडची काळी कपाशीची माती तिथे कुठली? भाच्याने निमूट चिखल धुऊन काढला. मग आजींनी दुसरा प्रश्न टाकला. "याच्यावर चढताना मानूस पाय कोठी ठेवते? तेथचा रंग पह्यले जाईन." आयुष्यभर बैलगाडी पाहिलेल्या बाईला कोणती वस्तू कुठे झिजते हे सांगावे लागत नाही. जू कुठे गुळगुळीत होते, चाकाची धाव कुठे चकाकते, सारे त्यांच्या डोळ्यांसमोर. तासाभरात तो रणगाडा खरोखरच वापरातला दिसू लागला.

बुरुजाच्या बाजूला एक भोक पाडून भोवती काजळी लावायची, एवढेच उरले होते. गोळा लागल्याची ती खूण.

"हे काय?"

"गोळा आरपार गेला, आजी."

"अंदर मानसं किती बसते?"

"चौघं."

"मंग ते चौघं गेले कोठी?"

भाच्याने उत्तर दिले नाही. त्याने कुंचला पाण्यात बुडवून ठेवला. दुसऱ्या दिवशी पाहतो तो भोक नव्हतेच. बुरुजामागे कागदाच्या चार इवल्या वळकट्या चिकटवलेल्या होत्या. आजींनी त्या मोजल्या आणि काही न बोलता आत गेल्या.

हा खेळ घरोघरी नेणाऱ्यांत इंग्रज लेखक एच. जी. वेल्स यांचे नाव मोठे. 1903 साली त्यांनी एका गोष्टीत पोलादी रणगाड्यांची कल्पना केली होती. 15 सप्टेंबर 1916 रोजी ते सोमच्या रणभूमीवर खरोखरच उतरले. मधल्या 1913 साली त्यांनी खेळण्यातल्या शिपायांच्या लढाईचे नियम 'लिटल वॉर्स' या पुस्तकात दिले आणि त्यातच बजावले, की हा खेळ तीनचारदा खेळला तरी खरे युद्ध किती गबाळे प्रकरण आहे ते कळते. पुढल्याच वर्षी पहिले महायुद्ध पेटले. आजींनी वेल्स वाचलेले नाहीत.

नगरला, म्हणजे आताच्या अहिल्यानगरला, 1994 पासून रणगाड्यांचे संग्रहालय आहे. दिवाळीनंतर तिकडे जाण्याचा योग आला. भोवती हौशी मंडळी फोटो काढीत होती. मी मात्र एकेका रणगाड्यापाशी वाकून, चढणाऱ्याचा पाय कुठे पडत असेल ती जागा शोधत होतो.