विंचू उतरवणारी गोळी

वाचकहो, तुमच्या घरात विज्ञान शाखेला शिकणारे मूल असेल, तर ही हकिगत जरूर वाचा.

आमचे घर रोह्याजवळ, कुंडलिकेच्या काठी. १९७४ सालची भातकापणी चालू होती. माझा सात वर्षांचा धाकटा भाऊ पेंढ्याच्या उडवीशी खेळत होता. तिथे त्याला तांबडी इंगळी डसली. वडिलांनी विंचू उतरवणाऱ्याला बोलावले. पोराला दरदरून घाम सुटला, ओकाऱ्या झाल्या, हातपाय गार पडले, मग धाप लागली. बैलगाडी जुंपून दवाखान्यात नेले, पण पहाटे तो गेला. त्या काळी या विषावर खात्रीचा उपाय डॉक्टरांकडेही नव्हता.

तो पुढे आपल्याच जिल्ह्यात सापडला. १९७६ साली महाडजवळच्या बिरवाडीच्या आरोग्य केंद्रात डॉ. हिंमतराव बावस्कर रुजू झाले. रोग्यांच्या उशाशी बसून त्यांनी पाहिले, की विंचवाचा रोगी वेदनेने मरत नाही. विषामुळे रक्तवाहिन्या आवळतात, हृदय थकते आणि फुप्फुसात पाणी भरते. मग वाहिन्या सैल करणारे औषध दिले तर? प्राझोसिन नावाची रक्तदाबाची गोळी होतीच. ती त्यांनी दिली आणि माणसे वाचू लागली. १९८६ साली 'लॅन्सेट' या विलायतेच्या वैद्यकीय साप्ताहिकात ते छापून आले. पूर्वी गंभीर रोग्यांपैकी शंभरात चाळीसपर्यंत दगावत. ते प्रमाण एकाच्या आसपास आले. २०२२ साली डॉक्टरांना पद्मश्री मिळाली.

गोळी जुनीच होती. ती शरीरात नेमके काय करते, हे ज्ञान कामी आले. त्या ज्ञानालाच फार्माकॉलॉजी म्हणतात, हे मला माझ्या नातीने सांगितले. बारावी झाल्यावर तिने हा विषय काढला, तेव्हा मी म्हटले, "दुकानच टाकायचं, तर दोन वर्षांचं डी.फार्म. पुरे की!"

ती म्हणाली, "आजोबा, मला औषध विकायचं नाही. ते अंगात जाऊन काय करतं, ते शिकायचंय." मला भाऊ आठवला. मी गप्प झालो.

चौकशी केली ती तुम्हालाही सांगतो. बारावी विज्ञाननंतर सीईटी देऊन चार वर्षांचे बी.फार्म. करता येते. त्यात हा विषय असतोच. पुढे दोन वर्षांच्या एम.फार्म.ला तोच मुख्य विषय घेता येतो. दुसरी वाट डॉक्टरकीची: एम.बी.बी.एस. झाल्यावर तीन वर्षांचे एम.डी. नोकऱ्या म्हणाल, तर कंपन्यांच्या प्रयोगशाळांत नव्या औषधांची पारख, रुग्णालयांत त्यांच्या चाचण्या, औषधांच्या दुष्परिणामांची नोंद ठेवणे, कॉलेजात शिकवणे. बी.फार्म. झालेल्याला स्पर्धा परीक्षा देऊन औषध निरीक्षकही होता येते. मात्र फी भरण्याआधी कॉलेजला मान्यता आहे का, ते स्वतः पाहा, आणि सरकारी शिष्यवृत्तीची चौकशी करा.

नात आता बी.फार्म.ला आहे. म्हशीचे दूध डेअरीला घालून आम्ही खर्चाला हातभार लावतो.

जाता जाता एक सांगतो. पेंढा उचलण्याआधी काठीने हलवून घ्या. इंगळी डसलीच, तर मांत्रिकाची वाट न पाहता थेट आरोग्य केंद्र गाठा. आमच्या वडिलांना दुसरा उपाय माहीत नव्हता. आपल्याला आहे.