चालत्या गाडीची शिल्लक

ज्या मोटारींत निजण्याची, स्वयंपाकाची व पाणी सांठविण्याची सोय असते, तिला इंग्लंडांत ‘कॅम्पर व्हॅन’ म्हणतात. आमची कन्या व जांवई तिकडेच असतात. त्यांच्या अशा गाडींतून गेल्या भाद्रपदांत आम्हीं उभयतांनीं स्कॉटलंडांतील ग्लेन्कोपासून स्काय बेटापर्यंत प्रवास केला. तेथील डोंगर-सरोवरांचें वर्णन पुष्कळांनीं केलें आहे. आम्हांस लिहावयाचें आहे तें त्या गाडीच्या दोन बॅटऱ्यांविषयीं.

पैकीं एक एंजिन सुरू करण्याची. तिचे पत्रे पातळ व पुष्कळ. क्षणभर मोठा प्रवाह द्यावा आणि लगेच भरून घ्यावा, हा तिचा धर्म. दुसरी घरकामाची. तिचे पत्रे जाड. दिवे, पाण्याचा पंप व लहानसा फ्रिज यांना ती रात्रभर संथपणें वीज पुरविते. शिशाच्या १०० अँपिअर-तासांच्या अशा बॅटरींतून निम्म्याहून अधिक वीज काढूं नये. काढल्यास तिचें आयुष्य घटतें. या हिशेबाचें आम्हांला अगत्य वाटण्याचें कारण त्या फ्रिजमध्यें होतें. आमच्या सौभाग्यवतीस मधुमेह आहे, आणि इन्शुलिनच्या न उघडलेल्या कुप्या २ ते ८ अंश उष्णमानांत ठेवाव्या लागतात.

प्रवासांत या दोन्ही बॅटऱ्यांचा पोशिंदा एकच: एंजिनच्या पट्ट्यावर फिरणारा अल्टरनेटर. ‘आधीं पोटोबा, मग विठोबा’ हाच येथें नियम. एंजिन सुरू होऊन पहिली बॅटरी सावरली व विद्युद्दाब सुमारें १३.३ व्होल्टपर्यंत चढला, म्हणजे ‘रिले’ नांवाची आपोआप चालणारी कळ दुसरी बॅटरी जोडून देते; दाब १२.८ च्या आसपास उतरला कीं जोड तोडते. ही तोड कृपणपणाची नव्हे. जोड कायम राहिली तर फ्रिज रात्रींतून दोन्ही बॅटऱ्या रिकाम्या करील आणि सकाळीं गाडी जागची हलणार नाहीं.

गाडी सजविणाऱ्या कारागिरानें हा रिले बसविला होता. तरीहि, दिवसभर प्रवास होऊनसुद्धां, तिसऱ्या पहाटे फ्रिज बंद पडलेला! जांवईबापूंनीं मोजणीयंत्र लावलें. एंजिन चालू असूनहि दाब जेमतेम १२.६. नव्या धर्तीचा अल्टरनेटर इंधन वांचविण्यासाठीं पहिली बॅटरी भरतांच दाब उतरवितो, आणि गाडीचा वेग कमी होत असतां पुन्हां चढवितो. रिले बिचारा समजतो, एंजिन थांबलें!

“बाबा, कमाई होते आहे, पण आपल्या वांट्याला येत नाहीं,” जांवईबापू म्हणाले.

“मग नीट मागून घेणारा कोणी नेमा,” सौभाग्यवती आंतून म्हणाली.

उपाय तोच निघाला. हवा थंड होती म्हणून औषध बचावलें. वैशाखांत विदर्भांत असतों तर निराळें घडतें. दुसऱ्याच दिवशीं इन्व्हर्नेस येथें रिलेच्या जागीं ‘डीसी-टू-डीसी चार्जर’ बसविला. उतरलेला दाब तो स्वतः १४.४ पर्यंत चढवितो, ३० अँपिअर एवढाच प्रवाह घेतो, आणि एंजिन बंद होतांच घेणें थांबवितो. लिथियमच्या बॅटरीला तर तो अधिकच अवश्य. ती थेट जोडल्यास अधाशासारखा प्रवाह ओढते. गाडी उभी व एंजिन मंद असलें तर अल्टरनेटरचा पंखाहि मंद फिरतो, आणि तो तापून जळण्याचें भय असतें. शिशाची बॅटरी उलट शेवटचा पांचवा हिस्सा फार सावकाश घेते. तासाभराच्या फेरीनें ती भरली असें समजूं नये.

पेन्शनीवर संसार करणाऱ्यांस यांत नवें कांहीं नाहीं. देणाऱ्यानें आपली निकड भागवून द्यावें, घेणाऱ्यानें मोजून घ्यावें, म्हणजे दोघेहि टिकतात.

महाराष्ट्र शासनानेंहि २०२१ सालीं अशा गाड्यांच्या पर्यटनाचें धोरण जाहीर केलें आहे. आपल्या वाचकांपैकीं कोणी अशी गाडी करवून घेत असतील, तर त्यांनीं पलंग-पडद्यांपूर्वीं कारागिरास विचारावें: एंजिन चालू असतां दुसऱ्या बॅटरीवर दाब किती येतो? दोन्ही टोकांशीं फ्यूज आहे काय? तार पुरेशी जाड आहे काय? दाबाचें उत्तर मात्र तोंडीं घेऊं नये. अर्धा तास गाडी चालवून यंत्रावर स्वतः वाचावें. बरोबर कोणाचें औषध असेल, तर अवश्य वाचावें.