नाव नीट उमटावे म्हणून

शाळेच्या स्मरणिकेत मी शाळेच्या इतिहासाविषयी काही लिहावे, अशी संपादक मंडळाची अपेक्षा होती. इतिहास हा माझा विषय खरा. परंतु यंदा माझा बराच काळ माजी विद्यार्थ्यांच्या निमंत्रणपत्रांत गेला. तिथे एक चूक घडली आणि ती माझीच असल्याने तिच्याविषयी लिहितो.

बारामती व इंदापूर तालुक्यांतील माजी विद्यार्थ्यांना नावानिशी पत्र जावे, ‘प्रिय माजी विद्यार्थी’ असे मोघम नको, हा आग्रह माझाच होता. त्यासाठी वर्डमध्ये मेल मर्जची सोय असते. मजकूर एकच लिहायचा, नाव आणि गाव एक्सेलच्या तक्त्यातून प्रत्येक पत्रात आपोआप येते. पहिली दहा-बारा पत्रे पडद्यावर पाहिली, ती निर्दोष होती. मग सगळी छापली. पाकिटांवरचे पत्ते नववीच्या मुलांनी हाताने लिहिले, म्हणूनच ती घरोघर पोचली.

चार दिवसांनी इंदापूर तालुक्यातील कळसहून एका माजी विद्यार्थ्याचा फोन आला. “सर, पाकिटावर माझं नाव आहे. आतलं पत्र मात्र दुसऱ्याच कुणाचं तरी आलंय. नावाच्या जागी इंग्रजी अक्षरं आहेत, त्यांच्या डोक्यावर रेघा आहेत.” मी दिलगिरी व्यक्त केली. तो हसला आणि म्हणाला, “आमच्या आज्याचं नाव दाखल्यावर ‘या’ लावून लिहिलं होतं. बाबांनी माझं नाव मोठ्या हौसेनं ठेवलं. तुम्ही तरी ते नीट लिहाल असं वाटलं होतं, सर.” तो थट्टेतच बोलत होता. मला मात्र त्या रात्री झोप लागली नाही.

जुनी दप्तरे चाळणाऱ्याला हा ‘या’ चांगला परिचित आहे. एकाच्या नावाला ‘पंत’, दुसऱ्याच्या नावाला ‘राव’, आणि गावकुसाबाहेरच्या माणसाचे नाव तोडून त्याला ‘या’. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला धम्मदीक्षा झाली आणि त्यानंतरच्या पिढीत गौतम, मिलिंद, राहुल, सुजाता ही नावे घराघरांत आली. ज्या शाळेच्या हजेरीपटात अशी नावे ओळीने उभी आहेत, त्याच शाळेच्या पत्रात त्यांची अशी दुर्दशा व्हावी, हे मला सहन होईना.

दुसऱ्या दिवशी कारण शोधायला बसलो. आमची यादी तीन ठिकाणांहून एकत्र केलेली होती. अलीकडच्या तुकड्यांची नावे युनिकोडमध्ये होती. मी तपासलेली पहिली पत्रे नेमकी त्यांचीच. त्याआधीची नावे एका जुन्या मराठी फाँटात टाइप केलेली होती. तशा फाँटांत मराठी अक्षर हे फक्त चित्र असते. संगणकाच्या लेखी तिथे रोमन अक्षरेच असतात. फ्रेंच किंवा जर्मन लिहिताना लागतात तशी, डोक्यावर तिरक्या रेघा नि टिंबे असलेली. आमच्या फाइलमधला प्रत्येक काना म्हणजे प्रत्यक्षात तिरकी रेघ घेतलेला कॅपिटल ई होता. एक्सेलमध्ये त्या रकान्याला फाँट लावलेला असल्याने सारे मराठी दिसे. मेल मर्ज करताना मात्र पत्रात केवळ संकेत जातात, फाँट मागेच राहतो.

पत्रातील नावाच्या जागेला तोच जुना फाँट लावून वेळ मारून नेता आली असती. पण मग पुढच्या वर्षी हाच घोळ पुन्हा. म्हणून मूळ फाइलची प्रत जपून ठेवली आणि सगळी यादी रूपांतरकाने युनिकोडमध्ये आणली. तरीही काम संपले नाही. जुन्या फाँटात ऱ्हस्व वेलांटी अक्षराआधी टाइप होते आणि रफार अक्षरानंतर. युनिकोडमध्ये दोन्हींचा क्रम उलटा, उच्चाराप्रमाणे. रूपांतरकाने हा क्रम बदलला नाही, तर ‘सिद्धार्थ’चे ‘िसद्धाथर्’ होते. बाबासाहेबांच्या विद्यार्थ्यांना या एका नावात सगळे धडे मिळावेत, हा योगायोग मोठा मजेशीर.

कऱ्हेने मात्र मजा केली नाही. बारामती जिच्या काठी वसली, त्या नदीच्या नावातील ऱ्ह कितीतरी ठिकाणी रफार होऊन बसला आणि कऱ्हावागजचे ‘कर्हावागज’ झाले. शिवाय हा अर्धा ऱ युनिकोडमध्ये दोन रीतींनी लिहिता येतो. डोळ्याला दोन्ही सारखे, यंत्राला वेगळे. त्यामुळे एका गृहस्थांना दोन पत्रे गेली.

तिसरी यादी साध्या सीएसव्ही रूपात साठवलेली होती. इथे एक भेद लक्षात ठेवण्याजोगा आहे. युनिकोडचा मजकूर यूटीएफ-८ या पद्धतीने साठवला असेल आणि वर्डने तो चुकीच्या पद्धतीने वाचला, तर दर अक्षरामागे रेघ घेतलेला रोमन ए दिसतो. एका देवनागरी अक्षराचे तीन तुकडे होतात, त्यातला तो पहिला. असे नाव हरवलेले नसते. फाइल उघडताना यूटीएफ-८ निवडले की ते परत येते. परंतु साठवतानाच साधा सीएसव्ही प्रकार निवडला, तर नावाच्या जागी प्रश्नचिन्हे पडतात आणि मूळ अक्षरे कायमची जातात. आता आम्ही सीएसव्हीच्या वाटेला जात नाही. एक्सेलची वही थेट जोडतो.

शेवटची तपासणी माणसांनीच केली. दोन मुलींनी जुन्या हजेरीपटातून नावे मोठ्याने वाचली, मी छापील पत्रांवर खूण करत गेलो. तीन संध्याकाळी त्यात गेल्या. कळसचे पत्र मी वेगळे काढले आणि खाली हाताने दोन ओळी लिहून पाठवले.

प्रश्नचिन्हे पडलेल्यांपैकी बहुतेक नावे हजेरीपटावरून जुळली. तिघांची जुळली नाहीत. त्यांच्यापुढे फक्त गाव उरले आहे: पळसदेव, निमगाव केतकी आणि सुपे. या गावांतून वसतिगृहात राहिलेले, आणि अद्याप पत्र न मिळालेले कुणी हे वाचत असतील किंवा त्यांना कुणी ओळखत असेल, तर शाळेच्या कार्यालयात पूर्ण नाव, स्वतः लिहिता तसे, लिहून द्यावे.