मुळांचा सोबती

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या पात्रात पळसाचे झाड रोवले जाते, आणि पांढुर्णा व सावरगाव या दोन काठांवरील माणसे एकमेकांवर दगड भिरकावितात. सावरगावचे असल्यामुळे ही गोटमार आम्ही बालपणापासून पाहत आलो आहो. आमचे आयुष्य मात्र दोन भिन्न जीव भांडल्यावाचून कसे नांदतात, हे पाहण्यात गेले.

वनस्पतिशास्त्राचे अध्यापन करीत असता मंडल्याच्या अरण्यातील सालवृक्षांची कोवळी मुळे सूक्ष्मदर्शकाखाली ठेवण्याचा आम्हांस छंद जडला. या मुळांच्या टोकांवर कवकतंतूंचे आवरण असते. कवक वृक्षाला पाणी व स्फुरद आणून देते. वृक्ष त्याला शर्करा देतो. जर्मनीतील फ्रांक यांनी १८८५ साली या सहवासाला 'मायकोरायझा' हे नाव दिले. आवरणाचा पापुद्रा सुईने सोलून पाहिला की दोन प्रमुख जाती ओळखू येतात. एकीत तंतू सुटे दिसतात, जणू विणलेले वस्त्र; दुसरीत ते फुगून एकमेकांस भिडतात, जणू फरसबंदी. म्युनिकचे आगेरर यांच्या १९८७ पासून निघू लागलेल्या रंगीत चित्रसंग्रहाच्या आधारे यांचे पोटभेद लावण्यात आमच्या कित्येक रात्री सरल्या. त्या विद्येचा आम्हांस थोडा गर्वही झाला.

एके वर्षी आमचे दादा संत्र्याच्या बागेतील मलूल झाडांची मुळे फडक्यात बांधून घेऊन आले. "तू शिकलेला, तूच पाहा," म्हणाले. आम्ही पाहिले, आवरण कोठेच नव्हते. "यांना सोबती उरला नाही," असा निर्वाळा आम्ही दिला. आमच्या शब्दावर विसंबून दादांनी झाडांच्या दोन ओळी उपटून टाकल्या.

पुढे उरलेली मुळे आम्ही दाहक पोटॅशच्या द्रावणात तापवून निवळ केली आणि त्यांवर निळा रंग चढविला. पाहतो तो पेशींच्या आत इवल्याशा वृक्षांसारख्या फांद्या पसरलेल्या! संत्र्याचा सोबती मुळाच्या आतच राहतो; बाहेर आवरण तो कधी विणतच नाही. जे मुळीच असावयाचे नव्हते, त्याच्या अभावाला आम्ही रोग ठरविले होते. झाडे खरोखर कशाने सुकत होती, हे शोधावयाचे राहूनच गेले.

हे सांगावयास दादांपुढे उभे राहिलो तेव्हा मान वर होईना. ते क्षणभर गप्प राहिले, मग म्हणाले, "झाडं गेली ती गेली रे. आता आतून पाहत जा."

पळसावरील झेंडा चंडीमातेच्या मंदिरात पोहोचला की दोन्ही काठ शांत होतात. त्या सायंकाळी आम्ही बागेत जातो. रिकाम्या झालेल्या दोन ओळींत दादांनी नवी कलमे लावली आहेत. त्यांतील एखादे कोमेजलेले दिसले, तर आता आम्ही त्याची मुळे घरी नेतो, आणि निर्वाळा देण्याची घाई करीत नाही.